हस्ताक्षर उलगडून सांगणारे असतानाच

बहुतेक घरांत आजी-आजोबांच्या हातची एखादी वही असते. हिशेबासाठी आणलेल्या त्या वहीत पुढे जन्मवेळा, काढ्यांची प्रमाणे, गावाकडच्या आठवणी आणि आप्तांच्या निधनाच्या नोंदी उतरत जातात. लिहिणारा गेल्यावर ती ट्रंकेत जाते आणि घर बदलताना बहुधा रद्दीत. या वहीकडे आरोग्याच्या दृष्टीनेही पाहावे, अशी माझी विनंती आहे.

घराण्यातील आजारांविषयी विचारले की ‘कुणाला काही नव्हते’ असे उत्तर डॉक्टरांना वारंवार मिळते. वहीत मात्र ‘हृदयक्रिया बंद पडून’, ‘अर्धांगवायूचा झटका’ असे शब्द आणि पुढे वय सापडते. वडील वा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, आई वा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपलाही धोका वाढतो. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल वेळीच तपासावे लागते. अक्षरही काही सांगते. पूर्वीचे टपोरे अक्षर अलीकडच्या पानांवर बारीक व दाटीचे होत गेले असेल, तर ते कंपवाताचे प्रारंभीचे लक्षण असू शकते. ती पाने डॉक्टरांना अवश्य दाखवावीत.

तथापि कागद टिकला म्हणजे आठवण टिकली, असे नव्हे. नोंदीतले ‘तात्या’ कोण आणि ‘साथीचे वर्ष’ कोणते, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून वही त्यांच्याजवळ बसून वाचावी, त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. वृद्धांनी गतायुष्याकडे वळून पाहणे हे बुद्धी मंदावल्याचे चिन्ह नसून त्या वयातील स्वाभाविक प्रक्रिया आहे, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले. तेव्हा सनावळी चुकली तरी उलटतपासणी घेऊ नये. एखाद्या आठवणीने मन व्याकूळ झाले, तर वही मिटावी. काही पाने खासगी ठेवण्याची त्यांची इच्छा असेल, तर तिचा मान राखावा.

जतनाची रीत साधी आहे. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. वही स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ओल न येणाऱ्या कपाटात ठेवावी. बुरशी दिसल्यास मास्क लावूनच ती हाताळावी. दम्याच्या रुग्णांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. खिडकीजवळच्या उजेडात प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ते दोन ठिकाणी साठवावे. मजकूर मोडीत असल्यास टाकून देऊ नये. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांकडे मोडी वाचकांविषयी विचारणा करता येते.

घरात अशी वही नसेल, तर आजच एक कोरी वही आणावी. हात थरथरत असेल, तर जाड पेन द्यावे. तेही न जमल्यास आजी-आजोबांनी सांगावे, नातवंडाने लिहावे आणि प्रत्येक पानाखाली त्यांची सही घ्यावी.