फुंकर मारून आजार कळेल, पण शाळेच्या गेटवर नको!

सातवीच्या वर्गात चुन्याच्या निवळीचा प्रयोग चालू होता. नळीतून फुंकलं की निवळी दुधाळ होते, कारण उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. एका मुलाने विचारलं, "बाई, मग फुंकून सर्दी-ताप झालाय ते पण कळेल का?"

कळतं की! १४ एप्रिल २०२२ रोजी अमेरिकेच्या एफडीएने उच्छ्वासावरून कोरोना ओळखणाऱ्या पहिल्या यंत्राला तातडीच्या वापराची परवानगी दिली. इन्स्पेक्टआयआर कंपनीचं हे यंत्र प्रवासी बॅगेएवढं आहे. नळीत फुंकायचं, तीन मिनिटांच्या आत निकाल. नाकात काडी नाही, रडारड नाही. गंमत म्हणजे ते विषाणू शोधतच नाही. संसर्ग झाला की शरीरातल्या रासायनिक क्रिया बदलतात आणि श्वासातल्या काही वायुरूप सेंद्रिय पदार्थांचं प्रमाणही बदलतं. त्यातले पाच पदार्थ हे यंत्र टिपतं.

आता पालकसभेत कोणीतरी म्हणणारच, "मॅडम, असं यंत्र शाळेच्या गेटवर ठेवा ना." माझा याला विरोध आहे, आणि कारण आपल्या शेकडेवारीच्या धड्यात आहे. २४०९ जणांवरच्या चाचणीत या यंत्राने १०० बाधितांपैकी सुमारे ९१ ओळखले, आणि १०० निरोगी माणसांपैकी ९९.३ जणांना निरोगी ठरवलं. आकडे झकास वाटतात. पण समजा शाळेत १००० मुलं आहेत आणि त्यांतली १० बाधित आहेत. ९ सापडतील, १ वर्गात जाऊन बसेल. उरलेल्या ९९० निरोगी मुलांपैकी जवळजवळ ७ जणांना यंत्र 'बाधित' म्हणेल. म्हणजे गेटवर अडवलेल्या १६ मुलांपैकी ७ ठणठणीत! एफडीएनेही बाधित निकाल आला तर दुसऱ्या चाचणीने खात्री करा असंच सांगितलंय. ती खात्री होईपर्यंत त्या सात पोरांना वर्गात काय काय ऐकावं लागेल, हे आपण शिक्षक जाणतो.

पुण्याला हे नवीन नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो इथल्याच एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या. १९५२ पासून विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय विषाणू संस्था याच शहरात, तरी साधं शिंकलं तरी शेजारचा सरकून बसायचा.

आणि खरं सांगू? आजारी मूल ओळखायला बहुतेक वेळा यंत्र लागतच नाही. आईला सकाळी कपाळाला हात लावल्यावर कळतं. तरी गोळी देऊन पाठवतात. कर्वेनगरमधले कितीतरी आई-बाबा दोघंही नोकरीला, घरी कोणी नाही, रजा मिळत नाही. मी त्यांना दोष देत नाही. दोष थोडा माझाही आहे. मागच्या वर्षी 'शंभर टक्के हजेरी'चं प्रशस्तिपत्रक हुकू नये म्हणून एक मुलगी ताप अंगावर काढून आली. आठवड्यात अर्धा वर्ग खोकत होता. प्रशस्तिपत्रकावर सही माझीच.

यंदा जूनपासून माझ्या वर्गात ते प्रशस्तिपत्रक बंद. ताप असेल तर मूल घरी ठेवा, चुकलेल्या अभ्यासाचे फोटो मी संध्याकाळी ग्रुपवर टाकेन. ज्यांच्या घरी दिवसा कोणी नसतं त्यांनी मला आधी सांगा, बिल्डिंगमधल्या कुणा आजी-आजोबांशी बोलून बघू. फक्त मास्क लावूनच पाठवा हं त्यांच्याकडे.