कारखान्यातून प्रयोगशाळेकडे

चांगल्या पगाराची नोकरी सोडून तिशीतला अभियंता पीएच.डी.साठी नाव नोंदवितो, तेव्हा कोणी त्याच्या धाडसाचे कौतुक करतो, कोणी त्याच्या व्यवहारज्ञानाची कीव करतो. या निर्णयाचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. नॅनो पदार्थांच्या संशोधनाबाबत तो मांडणे अगत्याचे आहे.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. या मापावर पदार्थाचे गुणधर्मच पालटतात. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात लाल दिसतात. लेपाची जाडी किंवा कणांचा आकार किंचित बिघडला की मालाची सबंध खेप कशी वाया जाते, हे कारखान्यात राबलेल्या माणसाने पाहिलेले असते. प्रश्न त्याच्यापाशी असतो, उत्तर शोधण्याची साधने प्रयोगशाळेत. जपानच्या शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीच्या नोकरीत राहूनच तेजस्वी निळा प्रकाश देणारा डायोड विकसित केला, १९९४ मध्ये तोकुशिमा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि २०१४ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. आजच्या निळ्या डायोडमधील प्रकाश देणारे थर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचे असतात.

आता आपल्याकडील हिशेब पाहू. जानेवारी २०२३ पासून केंद्राची संशोधन पाठ्यवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० व पुढे ४२,००० रुपये झाली. घरभाडे भत्ता निराळा. समजा, ८०,००० रुपये पगाराच्या अभियंत्याने संशोधनाला पाच वर्षे दिली, तर पगारवाढ न धरताही त्याला सुमारे २४ लाख रुपयांवर पाणी सोडावे लागते. अर्थशास्त्र ज्याला संधी खर्च म्हणते, तो हाच.

नोकरी सांभाळून संशोधन करावे, असे यावर सुचविले जाईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी अंशकालीन पीएच.डी.ची वाट मोकळी केली, हे खरे. परंतु हा विषय रविवारच्या फुरसतीत उरकणारा नव्हे. भट्टी रात्रभर चालते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर ज्या दिवशी पाळी येईल, त्या दिवशी हजर राहावेच लागते.

या श्रमाचे फळ एकट्या संशोधकाच्या पदरी पडत नाही. सुधारलेला माल कारखान्याचा असतो, वाढलेले ज्ञान देशाचे असते. मग झीज एकट्यानेच का सोसावी? पंतप्रधान पाठ्यवृत्ती योजनेत शासन आणि कंपनी यांनी निम्मा निम्मा भार उचलण्याचे तत्त्व मान्य झाले होते. नोकरदार अभियंत्यालाही तेच तत्त्व लागू करता येईल. कंपनीने त्याची जागा राखून निम्म्या पगाराची अभ्यासरजा द्यावी, शासनाने पाठ्यवृत्ती द्यावी आणि माणूस निघून जाईल ही कंपनीची भीती रास्त असल्याने परतल्यावर ठरावीक वर्षे सेवेचे बंधन असावे.

भोसरी-चिंचवडचे कारखाने आणि पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांत अंतर काही मैलांचेच आहे. महाविद्यालयीन अध्यापकाला ज्ञानवृद्धीसाठी अभ्यासरजा देणे समाजाने केव्हाच मान्य केले. कारखान्यातील जिज्ञासूला ती नाकारण्याचे समर्थनीय कारण दिसत नाही.