तळ गुदमरतो तेव्हाच जाळं का?

सवला सावित्रीच्या काठी जमिनीतून गरम पाणी वर येतं. ते पाहायला, त्यात अंघोळ करायला लांबून माणसं येतात. याच सावित्रीचं पाणी बाणकोटच्या खाडीतून ज्या अरबी समुद्रात जातं, तिथं दर पावसाळ्यात खोलचं थंड पाणी वर चढतं. केरळ ते गोवा जोरात, पुढे उत्तरेला कमी. त्याची दखल मासेमारीचं वेळापत्रक ठरवणारे घेत नाहीत, हे माझं गाऱ्हाणं.

हे पाणी सकस असतं, पण त्यात प्राणवायू फार कमी. त्याच्यावर सूक्ष्म वनस्पतींचं पीक माजतं, ते मरून तळाशी कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खातं. वरून पावसाचं, नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं पसरतं. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं हेच मोजलंय: ऑगस्ट ते ऑक्टोबर तळ गुदमरलेला असतो.

त्या चिखलात कोळंबी-खेकड्यांचे मिलिमीटरहून लहान भाऊबंद राहतात. हारपॅक्टिकॉइड, ज्यांच्या माद्या अंड्यांची पिशवी अंगावर वागवतात. ऑस्ट्राकॉड, दोन शिंपल्यांत मिटलेले. प्राणवायू आटला की आधी हारपॅक्टिकॉइड जातात; सूत्रकृमी तग धरतात. हिवाळ्यात पाणी घुसळलं की वस्ती पुन्हा भरू लागते. तळाशी चरणाऱ्या माशांच्या पिल्लांचं हेच खाणं. ‘चिखलात आहे काय?’ म्हणणाऱ्यांनी आपल्या ताटातली मासळी लहानपणी काय खात होती, हे एकदा विचारावं.

आणि आपण करतो काय? यांत्रिक बोटींची बंदी १ जून ते ३१ जुलै. म्हणजे तळ गुदमरू लागला की १ ऑगस्टला ट्रॉलर त्याच्यावर जाळं ओढायला मोकळे! खरवडलेला कुजका चिखल ढवळला की तो आणखी प्राणवायू पितो. नारळी पौर्णिमेआधी दर्यात न जाणाऱ्यांना आपण अडाणी म्हणत आलो. त्यांची तारीखही ऑक्टोबर गाठत नाही, पण घाई तरी नव्हती.

माझी मागणी सगळी मासेमारी थांबवण्याची नाही. वरच्या पाण्यातली मासळी धरा, गळ टाका. फक्त तळ खरवडणारी जाळी ऑक्टोबर संपेपर्यंत किनाऱ्यावर राहू द्या.

यावर माझे मामू म्हणाले, “आणि बोटीचा हप्ता कोण भरणार, तू?” हा प्रश्न खराच आहे. पण तो मला नाही, सरकारला विचारायचा. बंदी वाढवायची तर तेवढ्या महिन्यांचे पैसे खलाशाच्या हातात आधी पडायला हवेत.