जगून राहिलेल्यांची कैफियत

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. नाव युद्धाचे असले तरी तिच्यात लढाई नाही. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, नाझींच्या छळाने देशोधडीला लागलेले ज्यू, आणि त्यांच्यातील हॅर्टावर जीव जडूनही तिला आपलीशी करण्याचा धीर न झालेला चक्रधर. तो मुंबईस उतरतो. ती पुढे जाते आणि समुद्रात देह टाकते. आपण ही बहुधा प्रेमकथा म्हणूनच वाचत आलो. वस्तुतः ती मागे उरलेल्याची कैफियत आहे. चक्रधराने कोणाचा जीव घेतला नाही. तो केवळ वाचला, आणि तेवढा अपराध त्याला जन्मभर पुरतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी अशा आघाताला स्वतंत्र व्याधीचे स्थान दिले ते १९८० साली, व्हिएतनामचे सैनिक परतल्यानंतर. कादंबरीकाराला तेवढे थांबावे लागले नाही.

हे स्मरण्याचे कारण जव्हार-मोखाड्यात आहे. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि महाराष्ट्र हादरला. चौकशा झाल्या, योजना आल्या, २०१४ साली पालघर जिल्हाही वेगळा झाला. त्या मातांच्या मनाचे काय झाले, हे मात्र कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. भूक म्हणजे युद्ध नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. भुकेला शत्रूचा चेहराही नसतो, आणि म्हणूनच दोष अधिक सहजपणे आपल्याच पदरी येतो. भात-नागलीचे दिवस सरले की वीटभट्टीची वाट धरावी लागणारी आई ‘मी पोराला नेले नसते तर’ म्हणत कुढत राहते. ज्यांच्या हाती शिधा आणि औषध होते, त्यांच्यापैकी किती जणांची झोप उडाली? अपराधाची ही वाटणी फार विषम आहे. सरकारी चौकशीत तिला जागा नसते. ती मांडणे हे कादंबरीचेच काम.

ते काम पुण्या-मुंबईच्या लेखकाने दोन दिवसांच्या दौऱ्यावर करू नये. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर घरांतून शिकून आज आश्रमशाळांत शिकविणारी पिढी उभी आहे. आजीचे बोलणे तिला दुभाष्यावाचून कळते. आमच्या साहित्यसंस्थांनी आणि प्रकाशकांनी तिच्याकडे लेखन मागावे. तोवर शासनाला एवढे करता येईल : बालकाच्या वजनाची नोंद होते त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, मूल गमावलेल्या आईची विचारपूस करणारे माणूस नेमावे, आणि ते तिची बोली जाणणारे असावे.