सरकलेला ठसा आणि चुकलेला हिशोब

दिवाळीच्या सुटीनंतर सहावीतल्या एका मुलाने दहा पैशांचे जुने नाणे शाळेत आणले. ठसा एका बाजूला सरकलेला, उरलेली कड कोरी. "याचे लाख रुपये येतात म्हणे!" झाले, दुसऱ्या दिवसापासून घरोघरी आजीच्या डब्यांची झडती सुरू झाली. मुलांच्या या छंदाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. त्या 'लाखा'चे मात्र नाही.

टांकसाळीत चकती दोन ठशांमध्ये नीट बसली नाही, की ठसा सरकतो. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर तेच चित्र उलटे व खोलगट उमटते. अशा चुका शोधताना मुले सालाखालची खूणही पाहू लागली: हैदराबादचा तारा, मुंबईचा चौकट, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते.

हैदराबादचे नाव आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत बिदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हैदराबाद राज्यात होते. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार या दोहोंचा हिशोब आपल्या वडीलधाऱ्यांनी केला आहे. सात हाली म्हणजे सहा कलदार! हे त्रैराशिक पुस्तकापेक्षा आजोबांकडून लवकर समजते.

आता पालकांसाठी. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी नाणे विकण्याच्या आशेने 'नोंदणी फी' भरली. पैसे गेले, गिऱ्हाईक आलेच नाही. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, आपण कसलीही फी घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केले आहे. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत. चुकीच्या नाण्याला संग्राहक किंमत देतात हे खरे. पण विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागणारा संग्राहक नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, नाणी चिंच-राखेने घासू नका. साल, खूण आणि कोणाच्या घरातले, हे चिठ्ठीवर लिहा. विश्वस्तांना आमची एकच विनंती : वाचनालयात काचेचे एक छोटे कपाट द्यावे. टांकसाळीची चूक तिथे शोभेल. आपली चूक मात्र घराला महागात पडते.