पाकिटावरचा शिक्का आणि हातातली पावती

भिवंडीच्या बाजारात अलीकडे एक दलाल फिरतो. दुकानात बसतो, चहा घेतो आणि टपालासाठी फ्रँकिंग मशीन घ्या, असा आग्रह धरतो. तिकिटे चिकटवणे नको, रांग नको, पाकिटावर पेढीचे नावही छापून येते, असे तो सांगतो. पुष्कळ व्यापारी बांधव आम्हाला विचारतात, घ्यावे काय? आमचे उत्तर असे की, आधी हिशोब, मग मशीन.

फ्रँकिंग म्हटले की आपल्याकडे दस्तऐवजावरचे मुद्रांक शुल्क आठवते. ते वेगळे, हे वेगळे. टपालाचे मशीन पाकिटावर हशील, तारीख आणि मशीनचा क्रमांक उमटवते. त्यासाठी टपाल खात्याचा परवाना लागतो व रक्कम आगाऊ भरावी लागते. शिक्का मारलेले टपाल रस्त्यावरच्या लाल पेटीत टाकून चालत नाही. त्याच तारखेला, ठरवून दिलेल्या टपाल कार्यालयातच द्यावे लागते. ते कार्यालय दुकानापासून दूर असेल तर वाचलेला वेळ जाण्यायेण्यात गेलाच म्हणून समजा.

आम्ही हे मशीन भाड्याने घेऊन पाहिले आहे. २०१४ साली एका पार्टीचा ८६ हजारांचा चेक परत आला. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवली पाहिजे, हा कायदा आम्हाला ठाऊक होता. नोटीस तयार झाली, पाकिटावर रजिस्टरच्या हशिलाचा शिक्काही बसला. पण पोऱ्याने ते पाकीट साध्या टपालाच्या गठ्ठ्यात दिले आणि पावती घेतली नाही. पार्टीने नोटीस मिळालीच नाही म्हणून हात वर केले. वकिलांनी पावती मागितली, ती आमच्याकडे नव्हती. तोवर ३० दिवस उलटले होते आणि चेकची तीन महिन्यांची मुदतही सरली होती. फौजदारीचा रस्ता बंद झाला. दोष मशीनचा नव्हता, आमचा होता. शिक्का हशील भरल्याचा पुरावा आहे, टपाल रवाना झाल्याचा नाही, एवढे आम्हाला त्या दिवशी कळले.

म्हणून मशीन घेण्यापूर्वी महिनाभर वहीत लिहा की, रोज किती पाकिटे जातात. बिले आता बहुतेक व्हॉट्सॲपवर जातात. उरतात त्या नोटिसा, खातेउतारे, कापडाचे नमुने आणि लग्नसराईच्या आधीची पत्रके. दिवसाला दहा-वीस पाकिटे असतील तर टपाल कार्यालयाची खिडकी पुरे. शेकड्याने जात असतील तरच मशीनचा विचार करावा. तेव्हाही भाडे, शाई, दुरुस्ती आणि वार्षिक देखभाल यांचे आकडे दलालाकडून लेखी घ्यावेत. स्वस्तात मिळते म्हणून जुने यांत्रिक मशीन मुळीच घेऊ नये. ती मशीने खात्याने केव्हाच बाद केली. आता दूरसंपर्काने रक्कम भरली जाणारी मशीनेच चालतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. नोटीस आता स्पीड पोस्टानेच जाते. ती खुद्द पार्टीच्या हाती पडावी असे वाटत असेल तर जादा शुल्क भरून नोंदणीची सोय मागून घ्यावी. ज्यांचे स्पीड पोस्ट मोठ्या प्रमाणावर जाते, त्यांना टपाल खात्याशी करार करून महिन्याच्या बिलावर पैसे देता येतात. आमच्या मते आपल्यापैकी बहुतेकांना मशीनपेक्षा ही सोय अधिक परवडेल.

आमचे वालिद प्रत्येक पावती तारखेच्या क्रमाने तारेत ओवून ठेवीत. आम्ही तरुणपणी त्यांना हसत असू. ८६ हजार गेल्यावर आम्हीही गल्ल्याजवळ तशीच तार टांगली. मशीन घ्या अथवा घेऊ नका, ही तार मात्र प्रत्येक दुकानात असावी.