बिजाचा पेला आणि उंदरावरील प्रयोग

सिंदेवाहीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रात धानाचे नवे वाण एका हंगामाच्या उत्पन्नावरून कोणी शिफारशीस पाठवीत नाही. शेजारी तुल्य वाण लावावे लागते, तोच प्रयोग अनेक वाफ्यांत व अनेक ठिकाणी करावा लागतो. धानाला ही शिस्त हवी आणि माणसाच्या औषधाला नको, असे म्हणणे चमत्कारिक होय. मधुमेहावरील वनौषधींच्या बाबतीत मात्र पुष्कळदा तसेच घडते.

बिजा, ज्यास इतरत्र बिबळा म्हणतात, त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवले असता ते सकाळी पिवळसर तपकिरी होते. हे पाणी मधुमेही पितात. त्यामागे शास्त्र मुळीच नाही असे नव्हे. 1980 च्या सुमारास बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी बिजाच्या सालीतील एपिकॅटेचिन हे द्रव्य ॲलोक्सन टोचून मधुमेही केलेल्या उंदरांना दिले, आणि स्वादुपिंडातील नष्ट झालेल्या पेशी पुन्हा निर्माण झाल्याचे प्रसिद्ध केले. इतर प्रयोगशाळांनी तो प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. ॲलोक्सन दिलेले काही उंदीर औषधावाचूनही सुधारतात. म्हणून बिनऔषधाचा गट हेच येथील तुल्य वाण होय.

पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने माणसांवर चाचणी घेतली. 1998 च्या अहवालानुसार नव्याने मधुमेह आढळलेल्या 97 रोग्यांपैकी 67 जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. फळ आशादायक खरे, परंतु तुलनेचा गट तेथेही नव्हता.

मात्रेचा प्रश्न तर कोणी विचारीतच नाही. उंदरास वजनाच्या दर किलोस 200 मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर सरळ गुणाकाराने 60 किलोच्या माणसास 12 ग्रॅम लागेल. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने सुमारे 2 ग्रॅम. इतका फरक एका हिशेबात! पेल्यातील पाण्यात किती अर्क उतरतो, हे तर लाकडागणिक बदलणार. ज्याच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही अशा रोग्याने, विशेषतः लहान मुलाने, या पाण्यावर विसंबून इंजेक्शन सोडले, तर थोड्याच दिवसांत बेशुद्धी येऊन प्राण जाऊ शकतो. गोळ्या चालू असतानाही डॉक्टरांस न सांगता अर्क घेणे इष्ट नाही.

वनस्पतीपासून औषध होत नाही, असा याचा अर्थ नाही. युरोपातील गॅलेगा या वनस्पतीतील द्रव्याच्या शोधातूनच मेटफॉर्मिनची वाट निघाली. ते 1922 मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि माणसांवरील उपयोग 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. मधली पस्तीस वर्षे व्यर्थ म्हणता येणार नाहीत.

शेतकऱ्याचा संबंध येतो तो झाडाशी. पेला होतो पक्व झाडाच्या गाभ्याचा. म्हणजे झाड पाडल्याशिवाय तो मिळत नाही, आणि बिजाची गणना आज संकटसमीप जातींत होते. मागणी वाढली की कुऱ्हाड प्रथम जुन्या झाडांवर पडेल. त्या मानाने गुडमार सोयीची. पान चघळले की साखरेची गोडी काही वेळ लागत नाही, अशी ही वेल. तिचा पालाच वापरतात, तो खुडला तरी वेल राहते, आणि ती कुंपणावर चढविता येते. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने नोंदवहीत अशा वनस्पतींची नोंद ठेवावी आणि व्यापारी पाला उचलू लागताच 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाचा वाटा मागावा. पाला विकण्यापूर्वी वेलीची ओळख कृषी विज्ञान केंद्रात पटवून घ्यावी. चुकीच्या पाल्याचा अर्क प्रयोगशाळेत गेला, तर पुढचे सारे आकडे फुकट जातात.